सोव्हिएत संघात खुर्ची कशी बदलायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोव्हिएत इतिहासावर मी वाचनालयांत आणि महाविद्यालयांत बोलतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. पूर्वी भाषणानंतर चिठ्ठ्या यायच्या, आता व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात. विचारणाऱ्यांत निम्मी स्पर्धा परीक्षावाली मुलं असतात, उरलेले पेपर नीट वाचणारे निवृत्त लोक. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतो. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तिथे ९९ टक्के मतदान व्हायचं म्हणतात. मग नेता लोकच निवडत होते ना?

मतदान व्हायचं, निवड व्हायची नाही. एका जागेला एकच उमेदवार, तोही कम्युनिस्ट पक्षाने ठरवलेला. मतपत्रिका घ्यायची आणि तशीच पेटीत टाकायची, झालं मतदान. विरोध करायचा तर नावावर काट मारायची. त्यासाठी पडद्याआड जावं लागे, आणि पडद्याआड कोण गेलं हे सगळ्यांना दिसे. केंद्रावर एरवी दुकानात न मिळणारं खाणं विकायला ठेवत, म्हणून लोक सकाळीच उरकून येत. एकाहून जास्त उमेदवार असलेली देशव्यापी निवडणूक थेट १९८९ साली झाली. तोवर नेता कोण हे मॉस्कोतली दहा-पंधरा माणसं ठरवत, आणि ते कसं ठरवायचं याचा नियम कुठेच लिहिलेला नव्हता.

२. राष्ट्राध्यक्ष होता, पंतप्रधान होता. मग सरचिटणीस सगळ्यांच्या वर कसा?

छत्रपती साताऱ्याला आणि कारभार शनिवारवाड्यातून, हे आपल्याला नवीन नाही. पद एकीकडे आणि सत्ता दुसरीकडे असू शकते.

चिटणीस म्हणजे पत्रव्यवहार बघणारा. ३ एप्रिल १९२२ रोजी स्टॅलिन सरचिटणीस झाला तेव्हा हे पद असंच कारकुनी समजलं जाई. ट्रॉट्स्कीसारखे वक्ते, सिद्धांतवाले लोक असल्या कामाला नाक मुरडत. पण कुठल्या जिल्ह्याचा पक्षप्रमुख कोण, कुणाची बदली कुठे, कुणाला बढती, हे सगळं याच टेबलावरून होई. त्या जिल्हाप्रमुखांच्या हातात महाधिवेशनाचे प्रतिनिधी, प्रतिनिधी निवडणार मध्यवर्ती समिती, आणि समिती निवडणार सरचिटणीस. वर्तुळ पूर्ण. ज्याने माणसं नेमली, त्याला पुढे त्याच माणसांनी नेमलं. आपल्याकडे सहकारी संस्थेत पॅनेल निवडून आणणाऱ्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला जरा वेळ लागतो.

राष्ट्राध्यक्षपद शोभेचं होतं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा सोव्हिएत राष्ट्रप्रमुख भारताच्या दौऱ्यावर होता आणि त्याने भाषणांतून या कारवाईचं उघड स्वागत केलं. त्याचं नाव लिओनिद ब्रेझनेव्ह. तेव्हा त्याच्या हातात सत्ता नव्हती. तीन वर्षांनी आली, आणि ती पक्षाच्या चिटणीसपदातून आली (प्र. ८).

३. लेनिनने स्टॅलिनला वारस नेमलं होतं का?

नाही. त्याने कुणालाच नेमलं नाही. पक्षाघाताचे झटके येऊन गेल्यावर डिसेंबर १९२२ मध्ये त्याने एक टिपण सांगून लिहून घेतलं. त्यात सहा सहकाऱ्यांचे गुण-दोष आहेत आणि दोषांचं माप जरा सढळ आहे. ट्रॉट्स्की सर्वांत कर्तबगार, पण स्वतःवर फाजील विश्वास. स्टॅलिनच्या हातात अमाप सत्ता जमली आहे, ती तो जपून वापरील याची खात्री नाही. ४ जानेवारी १९२३ रोजी त्याने पुरवणी जोडली: स्टॅलिन फार उद्धट आहे, त्याला या पदावरून हलवा. त्याच्या जागी कोण, ते मात्र सांगितलं नाही.

लेनिन २१ जानेवारी १९२४ रोजी गेला. मे महिन्यात महाधिवेशनात हे टिपण गटागटाने प्रतिनिधींना वाचून दाखवलं, छापलं मात्र नाही. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह या पक्षातल्या दोन बड्या नेत्यांनी तेव्हा स्टॅलिनला सांभाळून घेतलं, कारण त्यांना धास्ती ट्रॉट्स्कीची होती. १९३६ साली स्टॅलिनने या दोघांना गोळ्या घातल्या. टिपण सोव्हिएत संघात अधिकृतपणे छापून आलं ते १९५६ मध्ये.

४. ट्रॉट्स्की लेनिनच्या अंत्ययात्रेला गेलाच नाही, असं का?

तो आजारी होता आणि हवापालटासाठी काळ्या समुद्राकडे निघाला होता. वाटेत तिफ्लिसला (आजचं तिबिलिसी) बातमी मिळाली. अंत्यविधी शनिवारी आहे, तू पोचणार नाहीस, असं स्टॅलिनने आपल्याला कळवलं, ही ट्रॉट्स्कीची तक्रार. विधी प्रत्यक्षात रविवारी, २७ जानेवारीला झाला. तारीख मुद्दाम चुकवली की पुढे ढकलली गेली, यावर वाद आहे. पण लाल चौकात पेटीला खांदा देणाऱ्यांत स्टॅलिन दिसला आणि लाल सेनेचा संस्थापक ट्रॉट्स्की दिसला नाही, एवढं लोकांनी पाहिलं.

५. स्टॅलिन मरत होता तेव्हा डॉक्टर का बोलावले नाहीत?

हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून सविस्तर.

२८ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री मॉस्कोबाहेरच्या बंगल्यावर बेरिया, मालेन्कोव्ह, ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन हे जवळचे सहकारी जेवायला होते. पहाटे मंडळी पांगली. १ मार्चला दिवसभर स्टॅलिनच्या खोलीतून आवाज नाही. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, असा शिरस्ता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आत दिवा लागला, पहारेकऱ्यांना हायसं वाटलं. पण हाक काही आली नाही. जायचं कुणी, यावर त्यांची आपसात घासाघीस चालली होती. शेवटी रात्री दहा-अकराला एक जण टपाल आल्याचं निमित्त करून आत गेला. स्टॅलिन जमिनीवर पडलेला, कपडे ओले, वाचा गेलेली.

पहारेकऱ्यांनी वरिष्ठांना फोन केले, वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांना. बेरिया आणि मालेन्कोव्ह रात्री येऊन गेले, साहेब झोपलेत असं म्हणून परतले. डॉक्टर पोचले ते २ मार्चच्या सकाळी. मुद्दाम उशीर केला का? कुणी म्हणतं हो, कुणी म्हणतं भीतीने हातपाय गळाले. माझं मत दुसऱ्या बाजूचं. जानेवारीतच ‘खुनी डॉक्टरांचा कट’ उघडकीस आल्याचं जाहीर झालं होतं आणि खुद्द स्टॅलिनला तपासणारा विनोग्रादोव्ह तुरुंगात होता. अशा वेळी स्टॅलिनसाठी डॉक्टर बोलावण्याची जबाबदारी कोण अंगावर घेणार?

पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. ५ मार्चला रात्री ८ वाजता क्रेमलिनमध्ये बैठक भरली. मालेन्कोव्ह पंतप्रधान, बेरियाकडे पोलीस आणि गुप्तचर खातं, मोलोटोव्हकडे परराष्ट्र, बुल्गानिनकडे संरक्षण. स्टॅलिनने पाच महिन्यांपूर्वी पंचवीस जणांपर्यंत फुगवलेलं अध्यक्षमंडळ, म्हणजे पक्षाचं सर्वांत वरचं मंडळ, पुन्हा दहावर आणलं. सगळं तासाभराच्या आत. स्टॅलिनचा मृत्यू झाला रात्री ९ वाजून ५० मिनिटांनी. म्हणजे वाटणी झाली तेव्हा तो जिवंत होता.

६. बेरिया एवढा ताकदवान होता, तर साडेतीन महिन्यांत पकडला कसा गेला?

स्टॅलिननंतर कारभार बारभाईंचा होता. आपल्या बारभाईंना एकत्र बांधायला एक राघोबा होता, यांना बेरिया. पोलीस, गुप्तचर, क्रेमलिनचा पहारा, सगळं त्याच्या हाताखाली; प्रत्येकाच्या चोपड्या त्याच्याकडे. तो कैदी सोडत होता, डॉक्टरांवरचा खटला त्यानेच रद्द करवला, तरी इतरांना त्याच्या दयाळूपणाचीही धडकी भरे.

अडचण अशी, की पकडायचं कुणी? पोलीस त्याचेच. म्हणून लष्कर गाठलं. २६ जून १९५३ रोजी मार्शल झुकोव्ह, मोस्कालेन्को आणि आणखी काही अधिकारी क्रेमलिनच्या बैठकीशेजारच्या खोलीत येऊन बसले. शस्त्रं संरक्षणमंत्री बुल्गानिनच्या गाडीतून आत आली, कारण त्या गाडीची झडती होत नसे. मालेन्कोव्हने घंटेचं बटण दाबलं, अधिकारी आत शिरले. अंधार पडेपर्यंत बेरियाला तिथेच ठेवून रात्री गाडीतून बाहेर काढलं. २३ डिसेंबरला गोळी घातली.

आणि हो, विश्वकोशाची गोष्ट खरी आहे. मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना टपालाने नवी पानं आली. सोबत सूचना: पाचव्या खंडातली अमुक पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापा, शिवणीजवळ थोडी पट्टी ठेवा, तिला ही पानं चिकटवा. काढायचं पान बेरियाचं. चिकटवायच्या पानांवर बेरिंग समुद्राची भरघोस माहिती आणि छायाचित्रं.

७. वरच्या मंडळात ख्रुश्चेव्ह हरला होता म्हणतात. मग तो टिकला कसा?

जून १९५७ ची गोष्ट. मालेन्कोव्ह, मोलोटोव्ह आणि कागानोविच यांनी अध्यक्षमंडळात ख्रुश्चेव्हविरुद्ध सात विरुद्ध चार असं बहुमत जमवलं. ख्रुश्चेव्ह म्हणाला, मला मध्यवर्ती समितीने निवडलं, काढायचं तर तिनेच काढावं. नियमाप्रमाणे बरोबर. पण समितीचे सदस्य व्लादिवोस्तोकपासून युक्रेनपर्यंत विखुरलेले. झुकोव्हने त्यांना लष्करी विमानांनी मॉस्कोत आणलं. त्यांतले बरेचसे ख्रुश्चेव्हने नेमलेले (प्र. २). बहुमत फिरलं.

याला जोडून विचारतात, की १९५५ साली ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात, मुंबईलाही आले, तेव्हा दोघांत मोठा कोण? शिष्टाचाराने बुल्गानिन, तो पंतप्रधान होता. बडबड आणि सत्ता दोन्ही ख्रुश्चेव्हकडे. १९५७ च्या मतदानात बुल्गानिन त्या सातांत होता आणि पुढच्या मार्चमध्ये त्याचं पंतप्रधानपद गेलं. ते ख्रुश्चेव्हने स्वतःकडे घेतलं.

८. मग १९६४ मध्ये तोच ख्रुश्चेव्ह का पडला?

कारण पाडणाऱ्यांनी १९५७ चा धडा पाठ केला होता. या वेळी त्यांनी मध्यवर्ती समिती आधी गाठली. ब्रेझनेव्ह आणि पोदगोर्नी कित्येक महिने एकेकाला चाचपत होते. प्रांतोप्रांतीचे पक्षप्रमुख तसेही चिडलेले, कारण ख्रुश्चेव्हने पक्षाचे शेती आणि उद्योग असे दोन तुकडे करून प्रत्येकाची अर्धी जहागीर कापली होती. केजीबीचा प्रमुख सेमिचास्त्नी कटात सामील होता.

बातमी फुटली होती बरं का. एका नेत्याच्या जुन्या अंगरक्षकाने ख्रुश्चेव्हच्या मुलाला सावध केलं, मुलाने बापाला सांगितलं. बापाने मिकोयान या ज्येष्ठ सहकाऱ्याला चौकशी करायला सांगितली आणि स्वतः काळ्या समुद्राकाठी पित्सुंदाला सुट्टीवर गेला. १२ ऑक्टोबरला तिथून त्याने अंतराळवीरांशी फोनवर गप्पा मारल्या. त्याच दिवशी मॉस्कोहून फोन आला: शेतीवर तातडीची बैठक आहे, या. दुसऱ्या दिवशी विमानतळावर घ्यायला सेमिचास्त्नी, बाकी बड्या नेत्यांपैकी कुणी नाही. १४ ऑक्टोबरला समितीने ‘वाढतं वय आणि ढासळती प्रकृती’ म्हणून त्याला मोकळं केलं. पक्ष ब्रेझनेव्हकडे, सरकार कोसिगिनकडे. दोन्ही पदं पुन्हा एका हातात द्यायची नाहीत, असंही ठरलं.

९. सत्ता गेलेल्या माणसाचं काय व्हायचं?

हा प्रश्न सर्वांत कमी लोक विचारतात, आणि मला तोच मुख्य वाटतो. खुर्ची गेल्यावर जीव राहील की नाही, यावर माणूस खुर्ची किती घट्ट धरतो हे ठरतं.

स्टॅलिनच्या काळात हरणं म्हणजे मरण. १९३४ च्या महाधिवेशनाने निवडलेल्या मध्यवर्ती समितीतले सदस्य आणि उमेदवार सदस्य मिळून १३९. त्यांपैकी ९८ जणांना अटक करून गोळ्या घातल्या, हा आकडा ख्रुश्चेव्हने १९५६ च्या बंद दाराआडच्या भाषणात दिला. बेरिया हा या रांगेतला शेवटचा बडा माणूस. १९५७ मध्ये हरलेला मोलोटोव्ह मंगोलियात राजदूत झाला, मालेन्कोव्ह कझाकस्तानात वीजकेंद्रावर मॅनेजर, कागानोविच उरलमध्ये पोटॅशच्या कारखान्यावर. मोलोटोव्ह १९८६ पर्यंत जगला, कागानोविच जुलै १९९१ पर्यंत. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्हला पेन्शन, बंगला आणि गाडी मिळाली. त्या रात्री तो मिकोयानला म्हणाला म्हणतात, की स्टॅलिनला ‘तू आम्हाला नकोस, निवृत्त हो’ असं सांगायची कुणाची छाती झाली असती? भीती गेली, हे माझं काम, असंही तो म्हणाला. १९७१ साली तो वारला तेव्हा क्रेमलिनच्या भिंतीशी जागा मात्र मिळाली नाही.

१०. पुढचा नेता कोण, हे सामान्य लोकांना आधी कसं कळायचं?

खुणांवरून. टीव्हीवर ठरलेला कार्यक्रम रद्द होऊन गंभीर संगीत लागलं, की कुणीतरी गेलं. ब्रेझनेव्ह १० नोव्हेंबर १९८२ च्या सकाळी गेला, जाहीर झालं ११ तारखेला. दहा तारखेला पोलीस दिन, दरवर्षी त्या संध्याकाळी टीव्हीवर मोठी मैफल. ती लागली नाही, तेव्हाच लोक समजले. मग अंत्यसंस्कार समितीची यादी यायची. तिचा अध्यक्ष तोच वारस. अँद्रोपोव्ह, चेर्नेन्को, गोर्बाचेव्ह, तिन्ही वेळा खरं ठरलं.

अपवाद १९५३ चा. स्टॅलिनच्या अंत्यसंस्कार समितीचा अध्यक्ष ख्रुश्चेव्ह होता आणि तेव्हा कुणी त्याला वारस समजलं नाही. सप्टेंबरमध्ये तो पक्षाचा पहिला चिटणीस झाला, तेव्हा खूण मागाहून खरी ठरली. नाव कुठे नाही, हेही वाचावं लागे: बेरियाच्या अटकेनंतर दुसऱ्या दिवशी नेतेमंडळी बोल्शोय थिएटरात ऑपेराला गेली, ‘प्रावदा’ या पक्षाच्या दैनिकाने नावं छापली, त्यात बेरिया नव्हता. अटक जाहीर झाली पुढे १० जुलैला.

११. आजारी म्हाताऱ्यांनाच का निवडत होते?

कारण आजारी म्हातारा कुणाची खुर्ची काढत नाही. ब्रेझनेव्हने मंडळींना अठरा वर्षं निर्धास्त ठेवलं, आणि सगळे जागच्या जागी म्हातारे झाले. अँद्रोपोव्ह पंधरा महिन्यांत गेला, त्यातला शेवटचा काळ इस्पितळात. मग दम्याने बेजार असलेला, ७२ वर्षांचा चेर्नेन्को. फेब्रुवारी १९८५ मध्ये तो मतदान करताना टीव्हीवर दाखवला. ती खोली इस्पितळातली होती, मतदान केंद्रासारखी सजवलेली. तेव्हाचा मॉस्कोतला विनोद: अंत्ययात्रेला शिपाई एकाला विचारतो, पास आहे का? तो म्हणतो, सीझन तिकीट आहे.

१२. मग ५४ वर्षांचा गोर्बाचेव्ह मधेच कसा आला?

चपळाईने. चेर्नेन्को १० मार्च १९८५ च्या संध्याकाळी गेला आणि त्याच रात्री पॉलिटब्युरोची (म्हणजे प्र. ५ मधल्या अध्यक्षमंडळाची) बैठक झाली. सदस्यांपैकी श्चेरबित्स्की अमेरिकेच्या दौऱ्यावर, कुनाएव्ह कझाकस्तानात अल्मा-अताला, रोमानोव्ह सुट्टीवर. जे विरोध करू शकले असते ते पोचायच्या आत गोर्बाचेव्ह अंत्यसंस्कार समितीचा अध्यक्ष झाला होता (प्र. १०). दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री ग्रोमिकोने नाव सुचवलं, संपलं.

१३. लष्कराने कधीच सत्ता का घेतली नाही? पाकिस्तानात तर सहज घेतात.

लष्कराने दुसऱ्याला दोनदा सत्ता मिळवून दिली (प्र. ६, ७), स्वतः घेतली नाही. प्रत्येक पलटणीत पक्षाचा राजकीय अधिकारी आणि गुप्तचरांचे डोळे. शिवाय पक्ष उपकार लक्षात ठेवायचा, आणि त्यामुळेच घाबरायचा. ज्या झुकोव्हने जून १९५७ मध्ये विमानं दिली, त्याला ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव्हिया आणि अल्बेनियाच्या दौऱ्यावर धाडून मागे पदावरून काढलं.

१४. १९९१ चा कट तीन दिवसांत का फसला?

कट करणाऱ्यांकडे सगळं होतं: उपराष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, केजीबी, संरक्षण, गृह. १८ ऑगस्टला क्रिमियात फोरोसच्या बंगल्यात गोर्बाचेव्हचे फोन तोडले. १९ ला सकाळपासून टीव्हीवर ‘स्वान लेक’चा बॅले. म्हणजे १९६४ चीच संहिता: नेता सुट्टीवर, मागे खेळ.

पण १९६४ मध्ये सत्ता एकाच खोलीत होती. १९९१ मध्ये बाहेर एक असा माणूस होता ज्याला १२ जूनला लोकांनी खऱ्याखुऱ्या मतदानात रशियाचा राष्ट्राध्यक्ष निवडलं होतं. येल्त्सिनला त्यांनी अटकच केली नाही. तो रणगाड्यावर चढला आणि ते चित्र जगाने पाहिलं. संध्याकाळी पत्रकार परिषदेत उपराष्ट्राध्यक्ष यानायेव्हचे हात थरथरताना कॅमेऱ्याने टिपले. केजीबीची खास तुकडी रशियन संसदभवनावर चालून जायला तयार झाली नाही. २१ तारखेला सगळं आटोपलं, तीन तरुणांचे जीव घेऊन. कटवाल्यांना अटक झाली, फेब्रुवारी १९९४ मध्ये माफी. २५ डिसेंबर १९९१ ला गोर्बाचेव्हने राजीनामा दिला, पण त्याची खुर्ची कुणाला मिळाली नाही. खुर्ची ज्या देशाची होती तो देशच उरला नाही.

१५. सत्ता गेल्याचं ज्याला शेवटपर्यंत कळलं नाही, तो रशियन नेता कोण?

रशियन नव्हे. हा प्रश्न बहुधा गोव्यातून येतो आणि उत्तर गोव्याच्याच इतिहासात आहे: पोर्तुगालचा सालाझार. १९६८ मध्ये खुर्चीवरून पडल्यानंतर तो अंथरुणाला खिळला, सप्टेंबरमध्ये कायतानो पंतप्रधान झाला. जवळच्या लोकांनी ते सालाझारला सांगितलं नाही. १९७० मध्ये मरेपर्यंत, देश आपणच चालवतो आहोत अशा समजुतीत त्याला ठेवलं गेलं, असं सांगतात.

१६. आताच्या रशियात नियम आहे ना?

आहे. राष्ट्राध्यक्ष मुदतीआधी गेला तर पंतप्रधान काम पाहतो आणि तीन महिन्यांत निवडणूक. हा नियम आजवर एकदाच वापरला गेला, ३१ डिसेंबर १९९९ ला. येल्त्सिनने टीव्हीवर राजीनामा दिला, पंतप्रधान पुतिनकडे कारभार आला. जूनमध्ये ठरलेली निवडणूक त्यामुळे मार्चमध्ये आली आणि प्रतिस्पर्ध्यांना तयारीला वेळ उरला नाही. त्याच दिवशी पुतिनने एका हुकमावर सही केली: माजी राष्ट्राध्यक्षाला सुरक्षा, पेन्शन आणि खटल्यांपासून संरक्षण. प्र. ९ मध्ये जे चाळीस वर्षं शब्दावर चाललं होतं, ते इथे कागदावर आलं, तेही खुर्ची सोडायच्या दिवशीच.